ट्रक आणि माल जोडणारं ॲप बनवताय? या चुका टाळा

ट्रकला माल आणि मालाला ट्रक मिळवून देणारं ॲप म्हटलं की बहुतेक टीम सगळी ताकद जुळणीवर लावतात: कुठली गाडी जवळ आहे, कुठला माल तिच्या वाटेवर आहे, दर काय लावायचा. खरं तर जुळणी हा या धंद्यातला त्यातल्या त्यात सोपा भाग. दलाल हे काम दोन फोनांत करतात. भांडणं त्यानंतर सुरू होतात: गाडी गेटवर उभी, माल तयार नाही, पोच पावतीवर सही नाही, पैसे अडकलेले.

गाडी पोचते आणि रिकामी परत फिरते

असं वारंवार होत असेल तर माल नोंदवायचा फॉर्म उघडून बघा. 'वजन १२ टन' एवढ्यावर गाडी ठरत नाही. पोलादी सळ्या भरल्या तर हौदा अर्धाही भरत नाही, पण वजनाची मर्यादा संपते. फोमच्या गाद्या भरल्या तर हौदा शिगोशीग आणि वजन नावालाच. म्हणून मापं, नगांची संख्या, गाडी उघडी हवी की बंद, माल बाजूने चढणार की मागून, फोर्कलिफ्ट आहे का, एकाच जागी उतरणार की तीन ठिकाणी, हे विचारावंच लागतं. मात्र सगळ्यांना सगळं विचारू नका. तीस रकाने दिसले की मालवाला ॲप बंद करून नेहमीच्या दलालाला फोन लावतो. मालाचा प्रकार निवडला की त्यापुरतेच प्रश्न पुढे यावेत, आणि मालाचा एक फोटो मागावा. शब्दांत जे लपतं ते फोटोत दिसतं.

गेटवरचा खोळंबा

सगळ्यात जास्त तक्रारी इथून येतात आणि सगळ्यात कमी विचारही याचाच झालेला असतो. चालकाला पैसे मिळतात गाडी चालली तर, आणि गाडी उभी राहते ती दुसऱ्याच्या कारभारामुळे. अमेरिकेत चढाई-उतराईसाठी पहिले दोन तास फुकट धरायचा आणि पुढच्या प्रत्येक तासाचं थांबण्याचं भाडं लावायचा रिवाज आहे. तिथेच कायदा असाही आहे की ड्यूटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते. म्हणजे गेटवर पाच तास गेले तर नुसते ते पाच तास बुडत नाहीत, पुढची फेरीही हातची जाते.

थांबण्याचे नियम ॲपच्या अटींमध्ये पुरून ठेवण्यात अर्थ नाही. भाडं स्वीकारतानाच दिसलं पाहिजे: किती तास फुकट, नंतर तासाला किती, आणि पैसे कोण देणार.

पुढचा घोटाळा घड्याळाचा. बऱ्याच ॲपमध्ये गोदामाभोवती नकाशावर एक वर्तुळ आखतात आणि गाडी आत आली की वेळ मोजायला लागतात. पण वर्तुळ बहुधा कंपनीच्या कार्यालयाच्या पत्त्याभोवती असतं आणि माल भरायचं गेट मागच्या रस्त्यावर. शिवाय गाड्यांची रांग वर्तुळाच्या बाहेर लागते. चालक दोन तास रांगेत आणि ॲपच्या मते तो अजून पोचलेलाच नाही! यावर उपाय आहे. गेटचा बिंदू कार्यालयापासून वेगळा नोंदवा. आधी तिथे येऊन गेलेल्या गाड्या प्रत्यक्षात कुठे थांबल्या त्यावरून तो दुरुस्त करत राहा. चालकाला 'पोचलो' असं बटण आणि जागेसह फोटो काढायची सोय द्या. बाहेर पडल्याची वेळ गेटपासवरून घ्या. दोन्ही बाजूंना एकच नोंद दिसली की निम्मे वाद तिथेच मिटतात.

'कॉल केला तर माल गेलेला'

जुने, आधीच उचललेले माल यादीत राहिले तर चालक दोन-तीन वेळा फोन करतो आणि मग ॲप उघडायचंच सोडतो. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगॉनमध्ये एका ट्रक थांब्यावर 'डायल-ए-ट्रक' ही चालकांना माल मिळवून देणारी सेवा सुरू झाली, तेव्हा मालाची यादी पडद्यावर झळकत असे. गेलेला माल पडद्यावर राहिला तर चिडलेला चालक समोरच उभा असायचा. ॲपमध्ये तो दिसत नाही एवढाच फरक. प्रत्येक नोंदीला मुदत घाला आणि मुदत संपताना मालवाल्याला विचारा. यादी भरलेली दिसावी म्हणून मेलेल्या नोंदी ठेवणं हा तर निव्वळ मूर्खपणा.

याच्याच जोडीची चूक म्हणजे सगळीकडे एकदम सुरुवात. शंभर मार्गांवर एकेक माल असण्यापेक्षा एका मार्गावर जाता-येता दोन्ही बाजूंनी रोज माल हवा. चालक भाड्याआधी परतीचं बघतो. माल उचलायला किती अंतर रिकामं जायचं आहे तेही भाड्याशेजारी दाखवा, आणि अंतर ट्रकच्या रस्त्याने मोजा. कारचा रस्ता ठेंगण्या पुलाखालून जाऊ शकतो.

नंबर लपवणं

दोघं परस्पर सौदा करतील या भीतीने फोन नंबर शेवटपर्यंत झाकले जातात. मग लोक शेरा लिहायच्या रकान्यात आकडे अक्षरांत लिहून मोकळे होतात, आणि गेट न सापडलेला चालक मात्र अडकतो. खरे नंबर न दाखवता ॲपच्या मधल्या नंबरावरून बोलणं जोडून द्या. लोक टिकतात ते वेळेवर मिळणाऱ्या पैशांसाठी आणि वादात कामी येणाऱ्या नोंदींसाठी.

पैसा आणि फसवणूक

मालवाला महिन्या-दोन महिन्यांनी पैसे देतो, डिझेल मात्र आजच भरावं लागतं. मधली रक्कम प्लॅटफॉर्मने द्यायची ठरवली तर धंदा वाढेल तसं भांडवल अडकत जातं. गुंतवणूकदारांनी २०२२ मध्ये ३.८ अब्ज डॉलर किंमत ठरवलेली सिॲटलची 'कॉन्व्हॉय' ही असंच ॲप चालवणारी कंपनी मालवाहतुकीच्या मंदीत आणि भांडवलाच्या टंचाईत ऑक्टोबर २०२३ मध्ये बंद पडली. तेव्हा लवकर पैसे देण्याची सोय आधी थोड्या, पारखलेल्या मालवाल्यांपुरतीच ठेवा.

दुसरा धोका म्हणजे माल घेऊन गुपचूप तिसऱ्याकडे सोपवणारे मध्यस्थ. गाडी चालवणाऱ्याचे पैसे बुडतात आणि माल कुणाच्या ताब्यात आहे तेच कळत नाही. माल चढवताना नंबर प्लेटचा फोटो नोंदीशी ताडून बघा आणि एकदाच चालणारा कोड मागा. गाडीवाल्याने भाडं स्वीकारायच्या आदल्या दिवशी फोन नंबर आणि बँक खातं दोन्ही बदललं असेल तर पैसे रोखून आधी जुन्या नंबरावर विचारणा करा. चालक आणि गाडीचा मालक एकच असतो असं गृहीत धरून एकच खातं देऊ नका. माल चालकाला दिसावा, पैसे मालकाकडे जावेत, आणि कोण काय मंजूर करू शकतं ते वेगळं ठेवलेलं असावं.

पोच पावती ॲपवर चढत नाही

गोदामाच्या आत सिग्नल नसतो. पावतीचा फोटो फोनमध्येच साठवून, नेट आलं की आपोआप पाठवायला हवा, आणि वेळ फोटो काढल्याची धरायला हवी, चढवल्याची नव्हे. फोटो अस्पष्ट असेल तर ते चालक गेटवर असतानाच सांगा. तो दोनशे किलोमीटर पुढे गेल्यावर सही कुणाकडून आणणार?