आईचे शिक्षण आणि जन्मवेळचे लिंग गुणोत्तर : आकडे कसे वाचावेत

आई शिकली की मुलगा-मुलगी हा भेद आपोआप मिटतो, असे गृहीत धरून आकडेवारी वाचायला घेतली तर लवकरच गोंधळ उडतो. भारतातील सर्वेक्षणांत शिकलेल्या स्त्रियांपैकी मुलगेच अधिक हवेत असे सांगणाऱ्यांचे प्रमाण कमी आढळते, आणि तरीही काही बाबतींत त्यांच्याच अपत्यांमध्ये मुली अधिक घटलेल्या दिसतात. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. म्हणून मनातील इच्छा आणि प्रत्यक्षातले जन्म यांचे तक्ते आरंभापासून वेगळे ठेवावेत.

हातातला आकडा नेमका कशाचा आहे, हे सर्वांत आधी तपासावे. निसर्गतः 100 मुलींमागे साधारण 105 मुलगे जन्मतात, म्हणजे भारतीय रीतीने मांडायचे तर 1000 मुलग्यांमागे सुमारे 950 मुली. तेव्हा 1000 ही येथे तुलनेची पातळी नव्हेच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या 2019-21 च्या फेरीतील 1020 या आकड्याचा बराच गाजावाजा झाला, परंतु तो सर्व वयांच्या लोकसंख्येचा होता. त्याच फेरीत जन्मवेळचे गुणोत्तर 929 होते. जनगणनेतील शून्य ते सहा वयोगटाच्या आकड्यात बालमृत्यूही मिसळलेले असतात. शिवाय केवळ 1000 जन्मांचा नमुना असेल, तर कोणताही हस्तक्षेप नसताना निव्वळ योगायोगाने गुणोत्तर साधारण 835 पासून 1070 पर्यंत कुठेही जाऊ शकते, त्यामुळे एखाद्या गावाच्या एका वर्षाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच बहुधा गाळली जाते : जन्म क्रमानुसार, तसेच आधीच्या अपत्यांच्या लिंगानुसार वेगळे करावेत. भारतात पहिली मुलगी असलेल्या कुटुंबांत दुसऱ्या अपत्याचे गुणोत्तर 1990 मध्ये 906 होते, ते 2005 पर्यंत 836 वर आल्याचा अंदाज 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. ही घसरण दहा किंवा अधिक वर्षे शिकलेल्या मातांमध्ये अशिक्षित मातांपेक्षा बरीच तीव्र होती, तर पहिला मुलगा असलेल्या कुटुंबांत लक्षणीय घसरण आढळली नाही. यामागचे गणित सोपे आहे. चार अपत्ये होणार असतील तर एकही मुलगा नसण्याची शक्यता सुमारे 6 टक्के असते. दोनच होणार असतील तर ती जवळजवळ 24 टक्क्यांवर जाते. शिक्षणाने अपत्यांची संख्या जितक्या लवकर घटते तितक्या लवकर ‘एक तरी मुलगा’ ही अपेक्षा घटत नाही, आणि 1994 च्या कायद्याने बंदी घातलेल्या गर्भलिंगनिदानापर्यंत पोहोचण्याची ऐपतही शिकलेल्या घरांत अधिक असते. (अर्थात निर्णय त्या स्त्रीचा एकटीचा होता की घरच्यांचा, हे तक्ता सांगत नाही.) म्हणूनच शक्य तेथे समान आर्थिक स्तरातील मातांचीच तुलना करावी, नाहीतर पैशाचा परिणाम शिक्षणाच्या नावावर नोंदला जातो.

शेवटच्या अपत्याचे गुणोत्तर मात्र जपून वापरावे. मुलगा झाल्यावर थांबण्याची रीत असली की गर्भपाताविनाही शेवटच्या अपत्यांत मुलगे जास्त भरतात, पण तेवढ्याने एकूण जन्मांचे प्रमाण बदलत नाही.

अखेरीस काळाचा अक्ष घ्यावा. दक्षिण कोरियात 1990 च्या सुमारास 100 मुलींमागे सुमारे 116 मुलगे जन्मत होते, आणि 2007 च्या आसपास हे प्रमाण नैसर्गिक पातळीजवळ आले. तेथे मुलाचा आग्रह ओसरला, त्यात शिकलेल्या स्त्रियांची संख्या वाढण्याचा वाटा होताच. परंतु मोठा वाटा सर्वच शैक्षणिक गटांत विचार बदलण्याचा होता. हा फरक ओळखायचा असेल तर एकाच वर्षातील कमी आणि जास्त शिकलेल्यांची तुलना पुरत नाही. तितकेच शिकलेल्या स्त्रियांचे दोन वेगवेगळ्या दशकांतले आकडे शेजारी मांडावे लागतात.