गावाला जाण्याआधी: परसबागेच्या पाण्याची तयारी

गेल्या मे महिन्यात भाचीच्या लग्नाला सहा दिवस जळगावला गेले. परत आले तर चार वाफ्यांतला पहिला हिरवागार, दुसरा बरा आणि शेवटच्या दोन वाफ्यांत टोमॅटो-वांग्यांच्या नुसत्या काड्या उभ्या. ठिबकचा टायमर रोज सकाळी सहाला इमानेइतबारे सुरू होत होता. शेजारच्या काकू फोनवर सांगायच्या, "अगं, पाणी सुटतंय, मी रोज आवाज ऐकते ना!" आवाज खरा होता, पण पाणी जेमतेम दुसऱ्या वाफ्यापर्यंत पोचत होतं. ठिबकची गाळणी (फिल्टर) उघडली तर जाळीवर शेवाळाचा थर, भिजवलेल्या मेंदीसारखा. टायमरच्या बॅटऱ्या नव्या घातल्या होत्या, टाकी भरली होती, काकूंना किल्ली दिली होती. गाळणी धुतली नव्हती. म्हणून यंदा लिहून ठेवतेय, तुम्हालाही उपयोग होईल.

निघायच्या आठ दिवस आधी गाळणी धुवा. आदल्या दिवशी नको, तेव्हा बॅगा भरायच्या असतात आणि ती राहते. झाकण फिरवून जाळी बाहेर काढायची, जुन्या टूथब्रशने आतून-बाहेरून घासायची, उजेडात धरून बघायची. भोकं दिसली पाहिजेत. जाळी फाटली असेल तर बदला, फार महाग नसते. नंतर प्रत्येक नळीच्या टोकाचं बूच काढून पाणी सोडा. आधी तपकिरी येईल, मग स्वच्छ. स्वच्छ येईपर्यंत बूच लावू नका. आपल्याकडचा कुठलाही द्राक्षबागायतदार मोटार सुरू केली की आधी फिल्टरच्या दोन्ही बाजूंचं प्रेशर बघतो, फरक वाढला की बॅकवॉश घेतो, म्हणजे उलट्या बाजूने पाणी सोडून फिल्टर धुतो. इतकी वर्षं द्राक्षबागांच्या गावात राहून मला हे सुचू नये!

हे झालं की ड्रिपरचं, म्हणजे नळीवरच्या थेंब सोडणाऱ्या तोट्यांचं, पाणी मोजा. पहिल्या आणि शेवटच्या झाडाखाली एकेक लिटरभराचा डबा ठेवा आणि पंधरा मिनिटांनी दोन्हींतलं पाणी मापाने बघा. ड्रिपरवर '४ लिटर' (तासाला) लिहिलेलं असतं ते साधारण एक किलो प्रेशरला, म्हणजे चौरस सेंटिमीटरवर एक किलो दाबाला. गच्चीवरच्या टाकीतून दर १० मीटर उंचीला जेमतेम एक किलो मिळतं. टाकी वाफ्यांपेक्षा दोन मीटरच वर असेल तर तोच ड्रिपर तासाला दोन लिटरही देत नाही. म्हणजे पुड्यावर लिहिलेला वेळ लावून भागत नाही, दुप्पट लावावा लागतो. दुकानदार 'भारीतले' म्हणून प्रेशर-कॉम्पेन्सेटिंग ड्रिपर (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे) गळ्यात मारेल. टाकीच्या पाण्याला ते घेऊ नका, एवढ्या कमी दाबात ते नीट चालत नाहीत. टायमरही बॉल व्हॉल्व्हचा घ्या. दुसऱ्या, सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या प्रकाराला उघडायलाच दाब लागतो. दोन्ही डब्यांत बराच फरक दिसला तर? परत गाळणीकडे जा.

माती बोटाने तपासा. वरची माती मेमध्ये दुपारपर्यंत पांढरी पडतेच, तिच्यावर जाऊ नका. दोन पेरं बोट आत घाला. आत ओल असेल तर पाणी नको. आमची काळी माती पाणी धरून ठेवते, पण एकदा भेगा पडल्या की पाणी भेगांतून सरळ खाली जातं आणि मुळं कोरडीच राहतात. म्हणून भेगा पडू द्यायच्या नाहीत. दुपारी भोपळ्या-काकडीची पानं मान टाकतात, ती तहान असेलच असं नाही. सकाळी बघा. सकाळीही मान खाली असेल तर द्या पाणी.

टोमॅटोला एक दिवस पूर आणि चार दिवस दुष्काळ असं करू नका. फळाचा बुड काळा पडतो, किंवा पाणी मिळताच फळ तडकतं. बुड काळं दिसलं की लोक लगेच चुना टाकायला धावतात, पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं. पाणी अनियमित असल्याने ते फळापर्यंत पोचत नाही. मेथी-कोथिंबिरीची मुळं वरवर, त्यांना थोडं-थोडं पण रोज. टोमॅटो-वांग्याला एक-दोन दिवसांआड, पण खोलवर. म्हणून दोन्ही एकाच नळीवर ठेवू नका.

आच्छादन करा. वाळका पाला, गवत, उसाचं पाचट, जे मिळेल ते दोन-तीन इंच, खोडापासून चार बोटं दूर. गेल्या वर्षी पहिल्या वाफ्यावर पाचट होतं, शेवटच्या दोनांवर नव्हतं. त्याचाही हात होता त्या काड्यांमागे, पण मुख्य गुन्हेगार गाळणीच.

पाणी पहाटे. पाइपने देत असाल तर पानांवर नको, बुडाशी. रात्रभर पानं ओली राहिली की करपा आणि केवडा हे पानांचे रोग हजर. बोअरचं पाणी जड असेल तर मातीवर पांढरी पूड दिसते. अधूनमधून एकदा भरपूर पाणी देऊन ती खाली उतरवा. आरओचं वाया जाणारं पाणी कुंड्यांना रोज ओतू नका, त्यात क्षार आणखी जास्त. डाळ-तांदूळ धुतलेलं चालतं.

टाकी: पालिकेचं पाणी ज्या वेळेला येतं, तेव्हा ती भरतेय का ते आधी दोनदा बघा. ठिबकची नळी तळाला चिकटून न काढता दोन-तीन इंच वरून काढा. गाळ तळाशीच बसतो आणि मग जातो कुठे? गाळणीत. टाकीवर झाकण हवंच, ऊन लागलं की शेवाळ धरतं.

ठिबक नसेल तर बिनरंगाचा मातीचा माठ झाडाशेजारी गळ्यापर्यंत पुरा, भरा, झाका. सहा दिवस मात्र पुरत नाही.

काकूंना सांगताना 'पाणी सुटतंय का बघा' सांगू नका. 'शेवटच्या टोमॅटोच्या बुडाशी माती ओली आहे का, हात लावून बघा' असं सांगा. मी यंदा तिथे वीट ठेवलीय, म्हणजे त्यांना झाड शोधावं लागणार नाही.

जूनमध्ये पाऊस नीट लागला की टायमर बंद, बॅटऱ्या काढून ठेवा. नळ्यांची बुचं उघडून पाणी काढा. गाळणी धुऊनच ठेवा, वाळलेलं शेवाळ नंतर निघत नाही.