केस उगवायचं औषध आणि घरातलं मांजर : या चुका टाळा

मेडिकलच्या काउंटरवर मिनॉक्सिडिलची बाटली मागणाऱ्या गिऱ्हाइकाचे प्रश्न ठरलेले असतात. "भाऊ, केस परत येतील ना?" "बंद केलं तर आलेले परत जातील का?" "दाढीला लावलं तर चालतंय का?" लातूर, नांदेडकडे क्लाससाठी खोली करून राहिलेली पोरं तर बोअरच्या पाण्यापासून मेसच्या भाजीपर्यंत सगळ्यांना शिव्या देऊन मग बाटली घेतात. घरात मांजर आहे, तर हे लावू का, असं मात्र कुणी विचारत नाही. विकणारे आम्हीही सहसा विचारत नाही, बाटलीसोबतचा कागद तर कुणी उघडतही नाही.

विचारायला पाहिजे. कारण या औषधाने मांजर मरू शकतं. आजारी पडतं एवढंच नाही, मरतं. कुत्र्यालाही धोका आहे, पण मांजराला तो फार जास्त आहे.

मिनॉक्सिडिल मुळात तेल नाही, टॉनिक नाही, बीपीची गोळी आहे. कशानेच न उतरणाऱ्या रक्तदाबासाठी अमेरिकेत १९७९ साली तिला मान्यता मिळाली. गोळी खाणाऱ्यांच्या कपाळावर, गालावर, हातावर लव उगवायला लागली, तेव्हा कंपनीने तेच औषध पातळ करून टकलासाठी आणलं आणि १९८८ मध्ये त्यालाही मान्यता मिळाली. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायू सैल करणं हे त्याचं काम. वाहिन्या सैल पडल्या की दाब खाली येतो.

आता हिशोब बघा. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असतं, म्हणजे एका मिलीत ५० मिलिग्रॅम. हल्ली त्वचेचे डॉक्टर केसांसाठी हीच गोळी पोटातून देतात, तीही अडीच किंवा पाच मिलिग्रॅमची. म्हणजे ड्रॉपरभर, एक मिली औषधात अडीचच्या वीस गोळ्या. माणसाला त्रास होत नाही, कारण टाळूतून आत शिरतं ते जेमतेम दीड टक्का. बाकीचं कुठं जातं? केसांवर, कपाळावर, बोटांना, टॉवेलला, हेल्मेटच्या आतल्या स्पंजला आणि उशीला. मांजर तीन-साडेतीन किलोचं, आणि अंगाला लागलेली प्रत्येक गोष्ट जिभेने साफ करायची त्याची सवय. त्यात माणसाचं यकृत ज्या वाटेने हे औषध निकामी करतं, ती वाट मांजरात फार कमजोर असते. पॅरासिटामॉलची साधी गोळी मांजराला विष ठरते, तीही बरीचशी याचमुळे.

अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्राकडे २००१ ते २०१९ या काळात आलेल्या, कातडीला लावायच्या मिनॉक्सिडिलच्या कुत्र्या-मांजरांतल्या २११ प्रकरणांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लक्षणं दिसलेल्या ६२ मांजरांपैकी ८ दगावली. मालकाचं अंग किंवा उशी चाटणं, लावताना उडालेले थेंब अंगावर पडणं, असल्याच साध्या कारणांनी औषध त्यांच्यापर्यंत पोचलेलं होतं.

लावलं की लगेच आडवं होणं

सगळ्यात जास्त होणारी चूक हीच. रात्री साडेदहाला आरशासमोर उभं राहून भांग पाडला, थेंब सोडले आणि दिवा मालवला. औषध वाळायला दोन ते चार तास लागतात, तोवर ते उशीत मुरतं. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरसमोर ओळीने गाद्या टाकलेल्या असतात, नाहीतर गच्चीवर अंथरूण. मांजराला दाराची अडचण नाही. ते येतं आणि बरोबर डोक्याशी मुरकुटून झोपतं. घामाने खारट झालेले केस चाटायला तर काही मांजरांना फारच आवडतं.

रात्रीचं औषध आठ-साडेआठला लावा, म्हणजे झोपेपर्यंत डोकं कोरडं होईल. पण एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. वाळलं म्हणजे पाणी आणि अल्कोहोल उडालं, औषध केसांवर तिथंच आहे. मांजर उशाशी झोपणारं असेल तर त्याची जागा बदलणं हाच खरा उपाय, आणि तो अवघड आहे हे मान्य. चार रात्री दार खरवडेल, ओरडेल. गच्चीवर झोपायचंच असेल आणि मांजर वर येतंच असेल, तर त्या घरात हे औषध नको, असं माझं स्पष्ट मत आहे. अभ्रा वेगळा ठेवा, रोज बदला, आणि धुवायला टाकलेल्या कपड्यांच्या ढिगावर मांजर झोपत नाही ना तेही बघा. डोक्याला रुमाल बांधला तरी तो रुमाल सकाळी कुठं पडतो, हा प्रश्न उरतोच.

बोटं, थेंब आणि ड्रॉपर

ड्रॉपर डोक्यावर धरला की एखादा थेंब कानामागून मानेवर ओघळतो. तो आपण बोटाने पुसतो आणि बोट बनियनला. दुसरा थेंब फरशीवर पडतो, आणि पायाशी घोटाळणारं मांजर त्यावरून चालत जाऊन थोड्या वेळाने पंजा चाटतं. यात हलगर्जी केल्यासारखं कुणालाच वाटत नाही.

मोरीत किंवा बाथरूममध्ये दार लावून लावा. हात साबणाने धुवा, नुसते पाण्याखाली धरू नका. बेसिनचा काठ आणि फरशी ओल्या फडक्याने पुसा. पुसलेला कापूस झाकणाच्या डब्यात टाका. ड्रॉपर बाटलीत घालून झाकण घट्ट लावल्याशिवाय तिथून हलू नका. कुत्र्याच्या पिलांना प्लास्टिक चावायचा नाद असतो. ६० मिलीच्या भरल्या बाटलीत तीन ग्रॅम औषध असतं. स्प्रेची बाटली असेल तर फवारा हवेत किती उडतो ते एकदा उजेडात बघून घ्या.

"आम्ही फोम वापरतो"

फोमही ५ टक्केच असतो. फरक एवढाच, की पातळ औषधात ते विरघळवायला प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, ते फोममध्ये नसतं. हे ग्लायकॉल मांजराच्या तांबड्या पेशींना इजा करतं, म्हणून अमेरिकेत १९९६ साली मांजरांच्या खाद्यात ते घालायला बंदी आली. फोममुळे तो एक त्रास टळतो, मुख्य औषध तेच राहतं.

जनावराच्या टकलाला तेच औषध

कुत्र्याच्या पाठीवरचे केस गेले, मांजराच्या कानामागे चट्टा पडला, की घरातला कुणीतरी हुशार माणूस म्हणतो, "माझं औषध लाव की थोडं." याच्याइतकी घातक चूक दुसरी नाही. २००४ साली एका पशुवैद्यकीय नियतकालिकात दोन मांजरांची नोंद आली होती. दोघांच्याही कातडीला मिनॉक्सिडिल लागलेलं होतं, आणि दोन्ही वाचली नाहीत.

जनावराचे केस माणसासारखे आनुवंशिक टकलाने सहसा जात नाहीत. खरूज असते, बुरशी असते, गोचीड-पिसवांची खाज असते, कधी थायरॉइडचा बिघाड असतो. डॉक्टर कातडी थोडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि त्याप्रमाणे औषध देतात. मिनॉक्सिडिल यातल्या कशावरही चालत नाही. गावाकडे खरजेच्या कुत्र्याला गाडीचं जळकं ऑइल चोपडतात, तेही बंद करा. ते कातडी जाळतं आणि चाटण्यातून पोटात जातं. कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मांजराला लावणं हा आणखी एक घातक शॉर्टकट. त्यात परमेथ्रिन हे कीटकनाशक असलं तर मांजराला झटके येतात.

"आमचं घरगुती आहे, त्याने काय होतंय"

होतंय. कांद्याचा रस टाळूला लावायची सध्या घरोघरी टूम आहे. किसलेला कांदा पिळून रस डोक्याला, आणि चोथा? तो खरकट्यात, आणि खरकटं दारातल्या कुत्र्याला. कांदा-लसणातली गंधकाची संयुगं कुत्र्या-मांजरांच्या तांबड्या पेशी फोडतात. मांजर यातही जास्त नाजूक. त्रास त्याच दिवशी दिसत नाही, दोन-चार दिवसांनी दिसतो. जनावर सुस्त पडतं, हिरड्या पांढुरक्या होतात, लघवी गडद तांबूस होते, आणि तोवर सोमवारचा कांदा कुणाच्या लक्षातही नसतो. शिजवला म्हणून कांदा निरुपद्रवी होत नाही, त्यामुळे कांदा कढवून केलेलं तेलही त्याच यादीत धरा.

खोबरेल तेलात कापूर घालून लावणाऱ्यांनी कापराने कुत्र्या-मांजरांना झटके येऊ शकतात हे ध्यानात ठेवावं. टी ट्री ऑइलही तसंच. कोरफडीचा गर काढताना सालीखालून जो पिवळा चीक येतो, त्याने उलट्या-जुलाब होतात. केसांसाठीच्या गोड गमी गोळ्यांत झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, आहे का ते बघा. कुत्र्याची साखर ते झपाट्याने खाली आणतं आणि यकृतही निकामी करू शकतं. नुसतं खोबरेल, मेथी, माका यांची एवढी धास्ती घ्यायचं कारण नाही.

वाट बघत बसणं

मिनॉक्सिडिल पोटात गेल्यावर मांजर काही तासांत मरगळतं. खात नाही, उलटी करतं, अंग गार लागतं, चालताना लटपटतं. मग श्वास भराभर चालतो, तोंड उघडं पडतं. दाब पडल्यामुळे हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत किंवा त्यांच्याभोवती पाणी भरतं. कुत्रा धापा टाकतो तसं मांजर सहसा टाकत नाही. मांजर तोंड उघडून श्वास घेताना दिसलं तर तो उन्हाचा त्रास समजून कूलरसमोर ठेवू नका, गाडी काढा. काहींना लक्षणं दुसऱ्या दिवशी दिसतात, म्हणून "रात्री चाटलं, सकाळी ठीक आहे" यावर जाऊ नका. चाटलं एवढं कळलं तरी डॉक्टरांना फोन करायचा.

औषध अंगावर सांडलंय आणि जनावर अजून हुशार आहे, तर हातात मोजे घालून भांडी घासायच्या लिक्विडने आणि कोमट पाण्याने ती जागा धुवा. दोनदा धुवा, टॉवेलने कोरडी करा, दवाखान्यात पोचेपर्यंत चाटू देऊ नका. श्वास लागलेला असेल तर आंघोळीच्या झटापटीत पडू नका, ती झटापटच त्याला झेपणार नाही. दूध, दही, लिंबूपाणी काही पाजू नका. ग्लानीतल्या जनावराच्या फुप्फुसात ते उतरतं. मिठाचं पाणी देऊन उलटी काढायचा उद्योग तर कधीच नको.

जाताना बाटली सोबत घ्या. किती टक्क्यांचं, कधी, अंगाला लागलं की पोटात गेलं, आणि जनावराचं वजन किती, हे सांगा. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांचा दिवस गाई-म्हशी आणि शेळ्यांत जातो. त्यांना "केसांचं औषध चाटलं" एवढंच सांगितलंत तर तेलाबिलाचा समज होईल. "रक्तवाहिन्या सैल करणारं बीपीचं औषध आहे" असं सांगा, पुढचं ते जाणतात. यावर उतारा नाही. दाब वर आणणारी औषधं, ऑक्सिजन, फुप्फुसात पाणी झालं तर ते उतरवणारं इंजेक्शन, आणि सलाइन बेताने, कारण जास्त झालं तर तेच पाणी फुप्फुसात जातं. दिवस-दोन दिवस नजरेखाली ठेवावं लागतं. परभणी आणि उदगीर इथं पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जवळ असाल तर आधी फोन करून रात्री कोण असतं ते आजच विचारून ठेवा. सरकारी पशुवैद्यकीय सेवेचा टोल-फ्री क्रमांक १९६२ आहे, पण श्वास लागलेल्या मांजराला घेऊन घरी पथकाची वाट बघण्यापेक्षा आपण निघणं बरं.

"मग लावायचंच नाही का?"

ज्याच्या घरी मांजर उशाशी झोपतं, त्याने त्वचेच्या डॉक्टरांना हे सरळ सांगावं. कमी मात्रेची गोळी कुणाला चालते आणि कुणाला नाही, हे बीपी आणि हृदय बघून तेच ठरवतील. मेडिकलमधून आपल्या मनाने घेऊ नये. गोळीमुळे डोकं आणि उशी कोरडी राहते, पण खाली पडलेली एक गोळीही मांजराला पुरेशी आहे, म्हणून पाकीट कपाटात. पुरुषांना केसगळतीवर दिली जाणारी फिनास्टेराइडची गोळी जनावरांच्या बाबतीत इतकी धोक्याची नाही. कुत्र्यांच्या प्रोस्टेटवर पशुवैद्य स्वतः ती वापरतात. घरात गरोदर बाई असेल तर मात्र तिने फुटलेली गोळी हाताळू नये. आणि "फिनास्टेराइडचं लोशन" म्हणून जे मिळतं, त्यात बहुतेक वेळा मिनॉक्सिडिल सोबत असतंच. बाटली घेताना मागची बारीक अक्षरं वाचा, नाहीतर दुकानदाराला वाचून दाखवायला सांगा.