ठिबकमधून खत सोडण्याआधी

माती परीक्षणाचा कागद हाती आहे असं धरतो. त्यावरची मात्रा हेक्टरी असते, एकरासाठी २.५ ने भागा. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत नत्र जेमतेम २१ किलो. हिशेब नत्राचा करा, गोण्यांचा नको. फिल्टर धुणं, नळ्यांची टोकं सोडून घाण काढणं सांगायला नको.

आता एनआरव्ही, म्हणजे पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी, उलटं येऊ न देणारी झडप. मागच्या खेपेला बघायचा राहिला तो हाच. मोटर आणि व्हेंच्युरी (पाण्याच्या दाबाने खत ओढून लाईनीत सोडणारं साधन) यांच्या मध्ये तो आहे का, वावरात जाऊन डोळ्यांनी बघा. आपल्याकडे लाईन कधी जाईल याचा नेम नाही. मोटर थांबली की पाइपातलं पाणी विहिरीकडे उलटं येतं, सोबत खतही. विहिरीतल्या पाइपाच्या तळाशी फूटव्हॉल्व्हची झडप आहे ना, म्हणून सोडू नका. काडीकचरा अडकला की तो गळतोच. त्याच विहिरीचं पाणी कामावरची माणसं पितात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही, आणि ते उकळूनही जात नाही. तान्ह्या लेकराला सगळ्यात जास्त धोका.

बसवला म्हणजे झालं असंही नाही. एनआरव्हीच्या अंगावरचा बाण वावराच्या दिशेने हवा. मोटर बंद करून तिच्या आणि एनआरव्हीच्या मधला कॉक उघडा. थोडं पाणी येऊन थांबलं तर ठीक. धार चालूच राहिली तर झडपेत रेती अडकली किंवा रबर गेलं. ऑटो स्टार्टर बंद ठेवा, नाहीतर रात्री लाईन आली की टाकीतलं उरलेलं खत आपोआप जातं, तेही एकाच व्हॉल्व्हवरच्या पऱ्हाटीला.

युरिया टाकला की बादली गार पडते, बाहेरून पाणी सुटतं आणि विरघळणं मंदावतं. घाई न करता ढवळा, फडक्यातून गाळा. कॅल्शियम नायट्रेट वेगळ्या दिवशी! १२:६१:०० किंवा ००:००:५० या विद्राव्य खतांसोबत एका बादलीत टाकलं की पाणी दुधाळ होतं, आणि तो गाळ ड्रिपर बुजवतो.

आधी २० मिनिटं साधं पाणी, मग खत, मग पुन्हा साधं पाणी, शेवटच्या ड्रिपरपर्यंत. जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर थांबा. जमिनीला भेगा असतील तर आधी डवरा. उरलेलं द्रावण नाल्यात नको.

आणि भाऊ, एनआरव्ही बघितला ना?