आईची दाढ: ठेवायची की काढायची, ते ठरवायला जाण्याआधी

सगळ्यात आधी गोळ्यांची पिशवी जमिनीवर उलटी करा. आठवून यादी लिहू नका, पिशवीच उलटी करा. मी यादी लिहिली होती: बीपीची एक, शुगरच्या दोन. आई ७२ वर्षांची, गोळ्या मीच आणतो, त्यामुळे मला सगळं ठाऊक आहे असा माझा समज. दातांच्या डॉक्टरांनी विचारलं, आणखी काही चालू आहे का? मी ठसक्यात नाही म्हणालो. दाढ काढायची तारीखही ठरली. आदल्या रात्री तिच्या पिशवीतून चष्म्याचं घर काढताना चार गोळ्यांची एक पट्टी खाली पडली.

“ती हाडाची हाय, कॅल्शियमची. दर सोमवारी घेते. सोमवार ध्यानात राहतो की, सिद्धेश्वराला जायच्या आधी.”

उपाशीपोटी, तांब्याभर पाण्यासोबत आणि त्यानंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, हे सगळं ती तीन वर्षं नेमाने पाळत होती. मनगट मोडलं तेव्हा बहिणीने पुण्यात दाखवलं होतं, पट्ट्या तीच पाठवायची. पट्टीवर ॲलेंड्रोनेट लिहिलेलं. कॅल्शियमचा संबंधच नव्हता. ठिसूळ हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची ती गोळी. या जातीच्या औषधांनी हाडाची झीज मंदावते, पण दात काढल्यावर जबड्याचं हाड भरून यायला जी उलाढाल लागते तीही मंदावते. क्वचित ती जागा भरतच नाही, हाड उघडं राहतं. गोळीवर असलेल्यांत हे फार थोड्यांना होतं. गोळी घेतल्याची वर्षं वाढतील तसा धोका वाढतो, आणि कॅन्सरसाठी मोठ्या मात्रेत इंजेक्शनं घेतलेल्यांत तो बराच जास्त असतो. म्हणून अशा माणसाची दाढ वाचण्यासारखी असेल तर डॉक्टर सहसा रूट कॅनॉलकडे, म्हणजे आतली नस साफ करून दाढ राखण्याकडे झुकतात.

सकाळी फोन केला. डॉक्टरांनी तारीख रद्द केली आणि एक्स-रे पुन्हा बघायला मागवला.

पिशवीत न सापडणारं औषधही असतं, हे लक्षात ठेवा. हाडांसाठी वर्षातून एकदा सलाईनमधून किंवा सहा महिन्यांतून एकदा कातडीखाली देतात ती इंजेक्शनं घरात पट्टी ठेवत नाहीत. त्यासाठी जुनी फाइल काढा. तोंडाला, मानेला कधी शेक दिला असेल, म्हणजे रेडिएशन, तर ते वीस वर्षांपूर्वीचं असलं तरी सांगा. आणि दातासाठी म्हणून यातलं काहीही आपल्या मनाने बंद करू नका.

रक्त पातळ करणाऱ्या गोळीबद्दल तर घरोघरी एकच चूक होते. दात काढायचाय ना, मग चार दिवस आधीच ॲस्पिरिन बंद. साधा एखादा दात काढायला ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल सहसा थांबवत नाहीत. हिरडीतून आलेलं रक्त बोळा दाबून, टाका घालून थांबवता येतं. स्टेंटमध्ये धरलेली गुठळी घरी बसून सोडवता येत नाही. वॉरफरिन किंवा ॲसिट्रोमवर असतील तर ‘आयएनआर’ची, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची, तपासणी एक-दोन दिवस आधी करून रिपोर्ट सोबत न्या. हृदयाची झडप बदलली असेल तर ते दारातूनच सांगा, त्यांना कामाच्या तासभर आधी अँटिबायोटिकचा एक डोस लागतो, आणि तो बऱ्याचदा रूट कॅनॉललाही लागतो. शुगरवाल्यांनी तीन महिन्यांच्या सरासरीचा, एचबीए१सीचा रिपोर्ट ठेवावा. बीपी १८०/११० च्या वर असेल तर घाईचं नसलेलं काम पुढे ढकलतात, मग रिक्षाभाडं वाया. भूल देणार म्हणून उपाशी नेऊ नका. ही भूल जागेपुरती असते. नाश्ता करून, रोजच्या गोळ्या देऊन, सकाळची वेळ घ्या. मे महिन्यात सोलापुरात दुपारी दोनला म्हाताऱ्या माणसाला घेऊन निघणाऱ्याला मी काय सांगणार?

आता जेवताना बघत बसा. एक पूर्ण जेवण, फोन बाजूला ठेवून. आई कडक भाकरी दातांनी तोडत नव्हती, बोटांनी बारीक मोडून आमटीत बुडवून डाव्या गालात सरकवत होती. शेंगा चटणी ताटात घ्यायची आणि शेवटी नातवाच्या ताटात लोटायची. विचारलं तर “भूक नाय.” उजवीकडे खालची मागून दुसरी दाढ दुखत होती. डाव्या बाजूला वरच्या दोन दाढा आधीच गेलेल्या, म्हणजे तिथेही नीट चावलं जात नव्हतं, नुसतं चघळणं. ही गोष्ट दवाखान्यात तोंड उघडून कळाली असती, पण ती दाढ तिच्यासाठी किती मोलाची आहे हे मला ताटावरच कळालं. समोर टेकणारा दात आहे का, त्या दाढेवर रोज काय चावलं जातं, उद्या कवळी करायची वेळ आली तर हीच दाढ तिला आधार देणार का, हे लिहून न्या. अक्कलदाढ असेल, किंवा समोर काहीच नसलेली शेवटची दाढ असेल, तर काढून मोकळं होण्यात कमीपणा नाही.

“या वयात कशाला रूट कॅनॉल?” हे वाक्य मात्र घरीच ठेवून जा. माझ्या काकांनी ते तीनदा म्हटलं, एकदा आईसमोर. वयाने दाढेचं काही ठरत नाही. वयामुळे मुळांतल्या नळ्या अरुंद होतात, कधी बुजतातही, म्हणून काम किचकट होतं आणि वेळ जास्त लागतो, इतकंच.

डॉक्टरांना विचारायचं ते असं. हिरडीच्या वर दात किती शिल्लक आहे, कॅप धरेल इतका आहे का? मूळ उभं चिरलंय का? चिरलं असेल तर वाचवण्याचा विषय जवळपास संपला. दात हलतोय का, भोवतालचं हाड किती खाली गेलंय? हिरडीच्या रोगाने पाया गेला असेल तर आतली नस साफ करून उपयोग नाही. आमच्या घरी हा प्रश्न महत्त्वाचा होता, कारण आईने चाळीस वर्षं विड्या वळल्या आणि त्याहून जास्त वर्षं मिश्री लावली. मिश्री लावते हे ती डॉक्टरांना सांगणार नाही, ते तुम्ही सांगा. तिच्यासमोर सांगायचं धाडस नसेल तर चिठ्ठी द्या. मी चिठ्ठी दिली.

खर्च विचारताना दोन बेरजा मांडायला लावा. एकीकडे रूट कॅनॉल, वरची भर आणि कॅप. कॅपचे भाव धातूची, सिरॅमिकची, झिरकोनियाची असे वेगळे; मागच्या दाढेला धातूची चालते, हसताना ती कुणाला दिसत नाही. दुसरीकडे दात काढणं आणि नंतर त्या जागी ब्रिज (शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात), काढघाल करायची कवळी किंवा इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर दात). नुसतं काढणं स्वस्त दिसतं कारण दुसरा आकडा कुणी त्या दिवशी सांगत नाही. जागा रिकामी ठेवली तर शेजारचे दात कलतात, वरचा दात खाली उतरतो. साध्या आरोग्य विम्यात हा खर्च सहसा बसत नाही. पैशाची ओढाताण असेल तर सिव्हिल हॉस्पिटलचा दंतविभाग किंवा केगावचं डेंटल कॉलेज बघा. कॉलेजात फेऱ्या आणि वेळ जास्त लागतो हे धरून चला.

आणि शरीराला ते झेपेल का? दाढेचं रूट कॅनॉल म्हणजे दोन-तीन फेऱ्या, दर वेळी पाऊण-एक तास तोंड उघडं. पाठीवर सपाट झोपलं की दम लागतो का, मान धरते का, लघवीला वारंवार जावं लागतं का, ऐकू कमी येतं का, हे आधी सांगितलं तर खुर्ची थोडी उभी ठेवतात, मध्ये थांबतात, दातांत टेकू देतात. दवाखाना जिन्यावर असेल तर पायऱ्या आधी स्वतः मोजून या. तिथे नवी पेठेत आम्हाला एकवीस लागल्या. फारच थकलेलं, विसराळू झालेलं माणूस असेल आणि दात दुखत नसेल, तर सध्या नुसतं लक्ष ठेवू, हाही एक पर्याय असतो. तो विचारल्याशिवाय पुढे येत नाही.

तारखेपर्यंत दुखलं तर पॅरासिटामॉल, दिलेल्या मात्रेत. घरात उरलेली डायक्लोफेनॅकची पट्टी किडनी आणि बीपीवाल्यांना नको. मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून नस शांत होत नाही. गाल सुजून ताप आला, गिळता येईना किंवा श्वास अडकायला लागला तर तारीख विसरा आणि थेट मोठ्या दवाखान्यात जा.

दाढ काढलीच तर बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट धरायचा, दिवसभर थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, मिश्री तर अजिबात नाही. मिश्रीचा डबा आदल्या दिवशीच लपवा.

आमचं रूट कॅनॉल झालं, तीन फेऱ्यांत. कॅप बसेपर्यंत त्या बाजूने कडक काही चावलं तर दाढ फुटू शकते, म्हणून कडक भाकरीचा डबा वरच्या फळीवर ठेवायचा. आम्ही ठेवला होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी आलो तर हाडाची गोळी घेणारी आमची आई स्टुलावर उभी होती.