छापा-काट्यापासून डीएनएच्या जेलपर्यंत: आनुवंशिकी शिकवताना

मेंडेलचे वाटाणे पोरं बारावीतच घोटून आलेली असतात. बी.एस्सी.ला पुन्हा तोच जनुकांच्या जोड्यांचा (पनेटचा) चौकोन काढला की मागच्या बाकांवर मोबाइल निघतात. मी नागपुरात शिकवते. विदर्भात सिकलसेल (हिमोग्लोबिनचा आनुवंशिक आजार) हा काही परका शब्द नाही, म्हणून मी सुरुवातच तिथून करते. एएस पॅटर्न (एक जनुक साधं, एक सिकलचं, म्हणजे वाहक), एसएस पॅटर्न (दोन्ही सिकलची, म्हणजे आजार) हे शब्द बऱ्याच जणांनी घरी किंवा दवाखान्यात ऐकलेले असतात.

पहिल्या तासाला फळा नको, नाणी हवीत. दोघादोघांची जोडी करा. दोघेही एएस. छापा म्हणजे ए, काटा म्हणजे एस. दोघांनी एकदम नाणं उडवायचं, जे पडेल ते एक मूल. असं चारदा. उडवण्याआधी विचारा, ‘चार मुलांत एसएस किती?’ अख्खा वर्ग ओरडतो, ‘एक!’ मग मोजा. साठ पोरांच्या वर्गात तीस घरं होतात. त्यात साधारण नऊ-दहा घरांत एकही एसएस निघत नाही, नेमकं एक निघतं ते बारा-तेरा घरांत, उरलेल्यांत दोन किंवा जास्त. पोरं चक्रावतात. चक्रावू द्या, लगेच सूत्र लिहू नका. चारांत एकही एसएस नसण्याची शक्यता तीन-चतुर्थांशाचा चौथा घात, म्हणजे ८१/२५६, हे कुणीतरी स्वतःच काढतं.

मग कागदाच्या पट्ट्या. हे मला सगळ्यात आवडतं. पट्टी म्हणजे हिमोग्लोबिनच्या जनुकाचा डीएनए. लांबी साडेतेरा सेंटिमीटर, एक सेंटिमीटर म्हणजे शंभर बेस (डीएनएची अक्षरं). साडेअकरावर सी-सी-टी-जी-ए-जी-जी लिहायचं. एमएसटी-टू हे एन्झाइम इथं कापतं. सिकलच्या पट्टीवर त्यातल्या ए च्या जागी टी, म्हणजे सहावा कोडॉन (एका अमिनो आम्लाचा तीन अक्षरी संकेत) जीएजीचा जीटीजी होतो, ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं, आणि कात्री चालत नाही. फळा म्हणजे जेल, डीएनएचे तुकडे लांबीप्रमाणे वेगळे करणारा थर. तुकडे त्यावर लांबीप्रमाणे चिकटवा, लहान खाली. एएला (दोन्ही जनुकं साधी) दोन पट्टे, एसएसला एक. एएसला किती, हे सांगू नका. ‘मॅडम, तीन कसे?’ हा प्रश्न येईपर्यंत थांबा. एप्रिलच्या उन्हात, वीज गेलेली असतानाही हा प्रयोग होतो, हा वरचा फायदा.

हिमोग्लोबिनचं इलेक्ट्रोफोरेसिस (विजेच्या ओढीने प्रथिनं वेगळी करणं) याच्या पाठोपाठ घ्या. ग्लुटामिकचा ऋण भार गेला म्हणून अल्कली बफरमध्ये सिकलचं हिमोग्लोबिन, एस, मागे रेंगाळतं. तीच एक अक्षराची चूक, फक्त आता प्रथिनात दिसते. एएसवाल्यांना तीव्र मलेरियापासून संरक्षण मिळतं, तो भाग दहा मिनिटांत उरकतो.

एक गोष्ट मात्र करू नका, मी केली होती. नवीन असताना सहज विचारलं, ‘कोणाकडे सिकल आहे, हात वर करा.’ एकाच मुलीचा हात वर आला. तिच्याभोवतीची कुजबुज मला ऐकू आली, तिलाही आलीच असणार. वर्षभर ती शेवटच्या बाकावर बसली. तेव्हापासून वंशावळ नेहमी काल्पनिक घराची. कुणाचा रिपोर्ट वर्गात नाही, कोणत्या समाजाचं नावही नाही.

शेवटच्या चाचणीत एकच प्रश्न देते: ‘नवरा-बायको दोघं एएस. पहिलं मूल एसएस. मामी म्हणते, आता पुढची तिन्ही सुटली. मामीला समजावून सांगा, पाच ओळींत. ‘संभाव्यता’ हा शब्द वापरायचा नाही.’