प्रॉडक्शन पाठवण्याआधी: वकील-अशील पत्रव्यवहार राखण्याची तयारी

प्रॉडक्शन म्हणजे दाव्यात समोरच्या पक्षाला द्यायचे कागद; त्यात वकील आणि अशिलातला गोपनीय मजकूर न देण्याचा हक्क म्हणजे प्रिव्हिलेज. दावा अमेरिकेच्या फेडरल कोर्टात असेल, तर कागद चाळायचं सॉफ्टवेअर उघडण्याआधी एव्हिडन्स रूल (पुराव्याचा नियम) 502(डी) खालचा कोर्टाचा आदेश मागून घ्या. तो हाती असला, की गोपनीय कागद समोरच्याकडे गेला तरी हक्क सुटत नाही, आणि हे इतर फेडरल व राज्य कोर्टांतही धरलं जातं. पक्षांनी आपसात केलेला नुसता करार मात्र त्या दोघांपुरताच. 2008 मध्ये मेरीलँडच्या व्हिक्टर स्टॅन्ली खटल्यात प्रतिवादींनी कागद परत घेण्याची सोय आधी मागितली आणि मुदत वाढवून मिळताच सोडून दिली. शोधशब्दांच्या भरवशावर चाळलेल्या ढिगातून 165 कागद समोर गेले. शब्द कसे निवडले, निकाल पडताळला का, हे न्यायाधीश पॉल ग्रिम यांना पटवता आलं नाही. हक्क गेला.

म्हणून शब्दांआधी नावं जमवा: बाहेरच्या फर्मचं डोमेन, कंपनीतले वकील, त्यांचे सहायक, लग्नाआधीची आडनावं, खासगी जीमेल. ‘प्रिव्हिलेज्ड’ हा शब्द शोधून फार काही हाती लागत नाही. तो वकिलाच्या प्रत्येक मेलच्या तळाशी असतोच, जेवणाच्या आमंत्रणाच्यासुद्धा. उलट दर ठरवण्याच्या चर्चेत वकिलाला नुसतं सीसीत घातलं म्हणून ती चर्चा गोपनीय ठरत नाही. मेलमध्ये कायद्याचा सल्ला मागितलाय किंवा दिलाय का, ते वाचूनच ठरवावं लागतं.

घात बहुतेक वेळा विसंगतीत होतो. तोच मेल एका खात्यात रोखलेला, दुसऱ्यात पुढच्या उत्तराखाली अख्खा चिकटलेला. थ्रेड लावून (एकाच संभाषणातले मेल एकत्र करून) आणि हॅश (फाइलचा डिजिटल ठसा) जुळवून दोन्हींचे टॅग, म्हणजे रोखायचं की द्यायचं याच्या खुणा, ताडून बघा. जोडपत्राचा निर्णय वेगळा घ्या. गोपनीय मजकुरावर काळी पट्टी मारलेल्या पानासोबत जाणारी टेक्स्ट फाइल स्वतः उघडा. पट्टीखालचं वाक्य तिथे जसंच्या तसं सापडू शकतं. एक्सेलचे लपवलेले कॉलम आणि वर्डमधल्या कमेंटही बघा.

रोखलेल्या कागदांची यादी, म्हणजे प्रिव्हिलेज लॉग, रिव्ह्यूबरोबरच, म्हणजे कागद चाळतानाच, भरत चला. वर्णनातून सल्लाच फुटणार नाही एवढं जपा.

एवढं करूनही काही निसटलंच, तर फेडरल दिवाणी प्रक्रियेच्या रूल 26(बी)(5)(बी)प्रमाणे कळवताच समोरच्याला तो कागद परत करावा, बाजूला ठेवावा किंवा नष्ट करावा लागतो. ही सूचना कोण पाठवणार, ते आजच ठरवा. रिव्ह्यूची टीम पुण्यात असेल, तर दुपारी चूक सापडते तेव्हा न्यूयॉर्कमध्ये मध्यरात्र उलटलेली असते. त्या वेळी फोन उचलणाऱ्या वकिलाचा नंबर टीमकडे असायला हवा.